हॅज की हॅव

"यात एक चूक आहे, सर," नेवे बाई म्हणाल्या.

भामरे सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, टाइप केलेला कागद टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि सोयीसाठी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. शाळा सुटलेली. आम्ही सगळे शिक्षक टीचर्स रूममधल्या टेबलाभोवती बसलो होतो आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाईंचं वाक्य ऐकून मला वाटलं, चला, बोललं कोणीतरी एकदाचं. भामरे सरांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पेन उचलून त्याला पुन्हा टोपण लावलं.

"कसली चूक?"

"दुसऱ्या परिच्छेदात 'नन ऑफ अस हॅव हर्ड' असं टाइप झालंय. 'हॅज हर्ड' पाहिजे. नन एकवचनी आहे."

भामरे सरांनी श्वास सोडला. गणिताचे अत्तरदे सर चक्क हसले. मीसुद्धा हसले असेन. इतका वेळ आवळून धरलेलं अंग सैल पडलं की माणूस कशालाही हसतं.

तो कागद कशाचा होता ते सांगायला हवं. आमची शाळा खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी होती. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात स्पीकरच्या वायरीतून ठिणगी उडाली आणि स्टेजजवळच्या मांडवाच्या कापडानं पेट घेतला. पुढचं दार स्टेजला लागून, म्हणजे आगीच्या तोंडाशी. पोरं सगळी मागच्या गेटकडे पळाली. गेटला कुलूप होतं. मेलं कोणी नाही, पण सातवीतली कल्याणी त्या रेटारेटीत खाली पडली आणि तिच्यावरून मुलं गेली. तिचा उजवा पाय पुढे कधीच सरळ झाला नाही. तिचे वडील बाजारपेठेत शिलाईचं काम करायचे. शांत माणूस. चार दिवस दवाखान्यात बसून राहिले आणि पाचव्या दिवशी थेट औरंगाबादला जाऊन हायकोर्टात वकील गाठून आले.

संस्थेचं म्हणणं असं, की गेटला कुलूप शाळेचा शिपाई सुभान तडवी यानं आपल्या मर्जीनं लावलं आणि चावी घेऊन तो चहाला निघून गेला. सुभानला निलंबित केलं होतं. सुभानचं म्हणणं असं, की कुलूप लावायला अध्यक्षांनी, म्हणजे आबासाहेबांनी, स्वतः सांगितलं आणि चावीही त्यांनीच मागून घेतली. संस्थेची निवडणूक तोंडावर होती. विरोधी पॅनेलची माणसं मागून शिरून कार्यक्रमात घोषणाबाजी करतील, अशी आबासाहेबांना धास्ती होती. सुभानचं हे म्हणणं गावात सगळ्यांना पटलेलं होतं आणि कागदावर कुठेच नव्हतं.

म्हणून हे निवेदन. संस्थेच्या वकिलांनी ते इंग्रजीत करून पाठवलं होतं, कारण हायकोर्टात पुन्हा भाषांतर करत बसायला नको. अशी कोणतीही सूचना आमच्यापैकी कोणीही ऐकलेली नाही, खाली सगळ्यांच्या सह्या, एवढाच त्याचा मतलब.

"बाई, वकिलांनी लिहिलंय ते," भामरे सर म्हणाले. "हायकोर्टाचे वकील आहेत."

"असतील. पण खाली सही माझी आहे, आणि मी या शाळेत इंग्रजी शिकवते. हायकोर्टात जाणाऱ्या कागदावर माझं नाव आणि वर 'हॅव'. नाही बरं दिसत."

"एका शब्दानं काय होतं?"

"दहावीच्या मुलांचा मी त्याला अर्धा मार्क कापते."

नेवे बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या. ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्या कधी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. वर्गात पोरं त्यांना घाबरायची ती त्या हळू बोलायच्या म्हणून, कारण एखादा शब्द ऐकायचा राहिला तर तोच नेमका विचारला जायचा.

"माझं मत वेगळं आहे," अत्तरदे सर खुर्चीत पुढे सरकले. वाद करण्यासारखा आणि धोका नसलेला विषय मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. "नन म्हणजे शून्य ना? शून्य आंबे म्हणतो आपण. शून्य आंबा कोणी म्हणतं का? म्हणजे अनेकवचन. वकील बरोबर आहेत."

"मराठीत तसं नाही," मराठीचे खंडाळकर सर म्हणाले. ते घसा साफ केल्याशिवाय व्याकरणावर बोलत नसत, तो त्यांनी केला. "मराठीत आपण म्हणतो, कोणी आलं नाही. आलं. एकवचन तर आहेच, शिवाय नपुंसकलिंग."

"म्हणजे आपण सगळे नपुंसकलिंगी?" अत्तरदे सरांनी विचारलं.

"त्या वाक्यापुरते."

भामरे सरांनी कपाळाला हात लावला. मग कागद उचलून स्वतः ऑफिसात गेले. थोड्या वेळानं पलीकडून टाइपरायटरचा खडखडाट सुरू झाला. एक शब्द खोडून चालणार नव्हता, कोर्टाचा कागद म्हणून सबंध पान पुन्हा टाइप करणं आलं.

मी खिडकीतून मैदानाकडे बघत बसले. मी खेळाची शिक्षिका, मंदाकिनी देवरे. हंगामी. जूनपासून कायम करायचं आबासाहेबांनी तोंडी कबूल केलं होतं, आणि मी गावाकडे आईला तसं कळवूनही टाकलं होतं. संमेलनाच्या दिवशी मुलांच्या रांगा लावायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या गेटपाशी मी आणि सुभानभाऊ उभे असतानाच आबासाहेब आले होते. म्हणाले, "सुभान, गेट लावून टाक रे. आणि चावी इकडं दे." सुभानभाऊंनी चावी दिली. आबासाहेबांनी ती जाकिटाच्या खिशात टाकली आणि मला बजावलं, "काय देवरे बाई, लेझीम झकास व्हायला पाहिजे बरं का." मी म्हटलं, "हो, आबासाहेब."

आग लागल्यावर ते कुलूप सुभानभाऊंनी फोडलं, मी खेळाच्या खोलीतून आणून दिलेल्या गोळाफेकीच्या गोळ्यानं. सातआठ घाव घालावे लागले. तोवर कल्याणी पडली होती.

संस्थेनं केलेल्या चौकशीत सुभानभाऊंनी माझं नाव घेतलं नव्हतं. तिथे आणखी कोणी होतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "ध्यानात नाही." मला हंगामीतून कायम व्हायचंय हे शाळेतल्या भिंतींनासुद्धा ठाऊक होतं.

भामरे सर नवं पान घेऊन आले. शाई ताजी होती. "घ्या. हॅज केलंय. आता करा सह्या."

नेवे बाईंनी चष्मा लावला आणि पान पहिल्यापासून वाचायला घेतलं. सर उभेच होते.

"सर."

"आता काय?"

"पहिल्या परिच्छेदात हे 'एव्हरीवन वेअर बिझी विथ देअर ड्यूटीज' आहे. मघाशी माझी नजर चुकली. एव्हरीवनला 'वॉज' येतं."

"अहो, एव्हरीवन म्हणजे सगळे!" भामरे सरांचा आवाज चढला. "सगळे कामात होते. सगळे! बहुवचन!"

"सगळे म्हणजे ऑल. एव्हरीवन म्हणजे प्रत्येक जण. प्रत्येक जण होते, म्हणतो का आपण? प्रत्येक जण होता."

"हे मात्र खरं आहे," खंडाळकर सर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो."

"आणि एव्हरीवन एकवचनी झालं," बाई तशाच हळू आवाजात पुढे गेल्या, "की पुढचं 'देअर' पण खटकतं. आपापल्या कामात, असं लिहिलंय. प्रत्येक जण आपल्या कामात होता. मग कोर्ट विचारणार, कोण कोणत्या कामात होता? कुठे उभा होता? उत्तर ज्याचं त्याला द्यावं लागेल. वकिलांना हे सुचलं नसेल, पण समोरच्या वकिलांना सुचेल."

आता कोणी हसलं नाही. अत्तरदे सरांनी टेबलावरचा खडू उचलला, बघितला आणि परत ठेवला.

भामरे सर खुर्चीत बसले. तसे ते वाईट नव्हते. मुलीचं लग्न ठरलेलं होतं, जावई संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत लागणार होता. ते म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं काय आहे ते एकदाच सांगा. मी पुन्हा पुन्हा टाइप करून घेणार नाही."

"माझं काही म्हणणं नाही. वाक्य बरोबर हवं, एवढंच. नन म्हणजे नॉट वन. एकही नाही. आमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नाही, असं हायकोर्टाला सांगतोय आपण. तर सही करण्याआधी एकेकाला विचारून घ्या. एक जरी निघाला, तरी वाक्य खोटं पडतं, आणि पहिली सही मुख्याध्यापक म्हणून तुमची आहे."

भामरे सरांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना खात्री असावी. विचारलं की सगळे नाहीच म्हणणार, बाईंचं तोंड बंद होणार आणि आपण सहाच्या आत घरी जाणार.

"ठीक आहे. विचारतो. खंडाळकर सर, तुम्ही अशी काही सूचना ऐकली?"

"नाही," खंडाळकर सर पंख्याकडे बघत म्हणाले.

"अत्तरदे सर?"

अत्तरदे सरांनी डाव्या कानाला हात लावला. "मला या कानानं कमी येतं, सर. तुम्हाला माहीतच आहे."

"म्हणजे नाही."

"या कानानं नाही."

"देवरे बाई?"

मला आजही नीट सांगता येत नाही काय झालं ते. ठरवलं असं काहीच नव्हतं. सकाळपासून मनाची तयारी केली होती, की कागद येईल, सगळे करतील, आपणही करू, आपली सही त्या सह्यांत कुठेतरी खाली असेल. सह्यांची तयारी होती. पण माझं नाव घेऊन, माझ्याकडे बघून कोणी विचारेल, याची नव्हती. मैदानावर मी पोरांना रांगेत उभं करून नंबर म्हणायला लावायची. कितीही दंगा चाललेला असो, आपला नंबर आला की पोरगं ओरडायचंच. तसंच काहीसं झालं.

"ऐकलं," मी म्हटलं.

"काय?"

"आबासाहेब म्हणाले, सुभान, गेट लावून टाक रे. आणि चावी इकडं दे. चावी त्यांनी जाकिटाच्या खिशात टाकली. मी शेजारी होते."

भामरे सर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. दुखणं आलेल्या माणसाकडे बघावं, तसं. "देवरे बाई, जूनमध्ये तुमची ऑर्डर आहे."

"हो, सर."

"विचार करून बोलताय ना?"

"नाही, सर. पण ऐकलं ते ऐकलं."

मग अत्तरदे सर म्हणाले, "उजव्या कानानं मी पण ऐकलं. मी गेटजवळच्या नळावर होतो."

भामरे सरांनी तो कागद उचलला, व्यवस्थित चार घड्या घालून खिशात ठेवला. नेवे बाईंनी चष्मा काढला, पिशवी उचलली आणि "येते मी, भाजी घ्यायचीय," म्हणून निघून गेल्या.

पुढचं भराभर झालं. कल्याणीच्या वडिलांच्या वकिलांनी आम्हाला बोलावलं. मी आणि अत्तरदे सर एकाच एसटीनं औरंगाबादला जाऊन प्रतिज्ञापत्रं करून आलो. जाताना-येताना सर सीट धरायला सांगण्यापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, फक्त परतताना चाळीसगावला त्यांनी मला केळी घेऊन दिली. प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही. संस्थेनं कल्याणीच्या ऑपरेशनाची जबाबदारी पत्करली आणि सुभानभाऊंना परत कामावर घेतलं. ते रुजू झाले त्या दिवशी मला भेटायला मैदानावर आले. त्यांनी लांब उडीचा खड्डा न सांगता खणून दिला.

आबासाहेब निवडणुकीला पुन्हा उभे राहिले आणि पहिल्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आले. खंडाळकर सर पुढे मुख्याध्यापक झाले. माझी ऑर्डर जूनमध्ये निघाली नाही. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. धुळ्याजवळच्या एका शाळेत जागा निघाली होती, तिथे अर्ज केला आणि त्यांनी घेतलं.

जायच्या दिवशी नेवे बाई स्टँडवर आल्या. मला अपेक्षा नव्हती. शाळेतल्यांपैकी आणखी कोणी आलं नव्हतं. त्यांनी डब्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा बांधून आणला होता. आम्ही बाकावर बसलो. गाडी यायची होती.

मी म्हटलं, "बाई, एक विचारू? तुम्ही पण ऐकलं होतं, तर आधी स्वतःच का नाही बोललात?"

"मी कुठे ऐकलं? मी स्टेजवर होते. बक्षिसांची नावं वाचायला."

मला वाटलं, माझीच ऐकण्यात काही चूक होतेय. "तुम्ही काहीच ऐकलं नव्हतं?"

"अक्षर नाही. मी सही केली असती तरी माझ्यापुरतं ते खरंच होतं."

"मग?"

"आग लागली तेव्हा मी वरून सगळं बघत होते. सुभाननं गेट हलवलं. कुलूप आहे म्हटल्यावर माणूस चावी शोधतं, इकडेतिकडे ओरडतं. तुम्ही दोघं तसं काही केलं नाही. दोघांनी एकदमच आबासाहेबांकडे बघितलं. आग दारापर्यंत पोचायच्या आत ते पुढच्या दारानं बाहेर पडत होते. मग तू गोळा आणायला पळालीस." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "म्हटलं, या पोरीला चावी कुठे आहे ते माहीत आहे."

"तर मला एकटीला विचारायचंत ना, बाई."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

नाहीच म्हणाले असते. बाईंना घरी बोलावून चहा पाजला असता, आणि नाही म्हणाले असते.

"मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी साक्षीदार नाही, अधिकारी नाही. मला व्याकरण येतं."

"पण ते होतं बरोबर ना? हॅजच पाहिजे ना?"

"एव्हरीवनला वॉज, ते बरोबर. ते बदलून चालतच नाही." त्या थोडा वेळ समोरच्या फलाटाकडे बघत राहिल्या. "ननला दोन्ही चालतं. हॅजही चालतं, हॅवही चालतं. चांगले चांगले लोक हॅव लिहितात. वकिलांचं वाक्य बरोबर होतं."

"आणि तुम्ही दहावीच्या मुलांचा अर्धा मार्क..."

"कधीच कापला नाही."

हे सांगताना त्यांचा चेहरा वर्गात हजेरी घेताना असायचा तसाच होता. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वर्षी त्यांचीही बदली झाली होती, संस्थेच्या नदीपलीकडच्या शाळेत. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना रोज दोन गाड्या बदलून जावं लागणार होतं. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, मला ते मागाहून अत्तरदे सरांकडून कळलं.

गाडी लागली. बाईंनी माझी वळकटी स्वतः उचलून कंडक्टरच्या हातात दिली आणि त्याला बजावलं, की मुलीला खिडकीची जागा दे. मी पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मंदा, लहान शाळा आहे ती. खेळाच्या माणसाला तिथे काहीही शिकवायला लावतात. इंग्रजीचे तास दिले तर घेऊ नकोस. तुझं इंग्रजी फार कच्चं आहे."

"नाही घेणार, बाई."

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी मला बोलावून सहावीचं इंग्रजी घ्याल का, म्हणून विचारलं. मी घेते म्हटलं.